मधला श्वास

गस व्हॅनडोरेनचा फोन आला तेव्हा एमेट हॅलोरन गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून स्वयंपाकघरात बसला होता. सोमवारची सकाळ होती. आदल्या दिवशी पाहुण्या संघानं त्याला यथेच्छ तुडवलं होतं, पण सामना त्याच्या टोलेडोनं जिंकला होता, त्यामुळे अंग ठणकत असलं तरी कुरकुर नव्हती. गसनं हाय-हॅलो काही केलं नाही. लुईव्हिलवाल्यांनी बोलावलंय, म्हणाला, हंगाम संपेपर्यंत राखीव सेंटर म्हणून. जाऊ का?

लुईव्हिल म्हणजे येत्या रविवारचे पाहुणे. राखीव सेंटर त्यांना कशाला हवा होता हे शेंबडं पोरही सांगेल. ज्या संघाशी गाठ आहे, त्यानं काढून टाकलेला माणूस शोधायचा, त्याला आपली जर्सी चढवायची, पोटभर जेवू घालायचं आणि बैठकीच्या खोलीत बसवून पिळून घ्यायचं. हे सगळेच करतात. टोलेडोनंही त्याच वर्षी ऑक्टोबरात केलं होतं आणि त्यात कुणाला पाप वाटलं नव्हतं.

गसला क्लबनं वसंतात नारळ दिला होता. अकरा वर्षं सेंटर म्हणून त्यानं वाकून दोन पायांमधून चेंडू मागे दिला आणि एमेटनं तो घेतला. इतकी वर्षं रोज एकमेकांच्या इतक्या जवळ उभं राहायला नवरा-बायकोलाही जमत नाही. मग क्लबच्या डॉक्टरानं गसच्या गुडघ्यांचे फोटो काढले आणि मान हलवली. एमेट मॅनेजरकडे जाऊन भांडला, टेबलावर हात आपटून आला, उपयोग झाला नाही. तेव्हापासून गस सरोवराकाठी लोकांच्या बोटी दुरुस्त करत बसला होता आणि कुणी फुटबॉलचं नाव काढलं की उठून जात होता. म्हणून फोन आला तेव्हा एमेटला मनापासून बरं वाटलं.

"जा की लेका, विचारतोस काय," तो म्हणाला. "मैदानात ओरडायचे शब्द सांगून टाक सगळे. आम्ही बदलतोच आहोत."

"सगळे सांगू?"

"सगळे. नाहीतरी तुझ्या डोक्यात दुसरं आहे काय?"

गस हसला, टेस कशी आहे म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. टेस ही एमेटची मुलगी. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये तिला हातात धरून गसच उभा राहिला होता.

लोकांना वाटतं, अमेरिकन फुटबॉलमध्ये एमेटसारख्या क्वार्टरबॅकचं काम चेंडू फेकणं. फेकणारे पोत्यानं मिळतात. खरं काम फेकायच्या आधीचं. कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवरून सांगतो की आता अमुक डाव खेळा, मग तो आवाज बंद होतो आणि माणूस एकटा पडतो. समोर अकरा जण अकरा तऱ्हांनी खोटं बोलत उभे असतात. ते खोटं वाचायचं. जमिनीवर हात टेकून बसलेल्या दांडग्याची बोटं पांढरी पडली असली, तर सगळा भार हातावर आहे, तो पुढे मुसंडी मारणार. बोटं गुलाबी असली तर नुसता देखावा, तो मागे सरकणार. मागचे दोन राखणदार एका रेषेत आहेत की एक अर्धं पाऊल पुढे आलाय? मग आपला एक गडी या टोकाकडून त्या टोकाला चालत न्यायचा. त्याच्यामागे कुणी चालू लागला, तर त्यांनी माणूस वाटून घेतलेत. कुणीच हललं नाही, तर जागा वाटून घेतल्यात. एवढं सगळं पाहून कोचचा डाव उपयोगाचा नाही असं वाटलं, तर तिथल्या तिथे ओरडून तो बदलायचा.

ओरडायचं म्हणजे एक रंग आणि एक आकडा. दिवसभरात असे ढिगानं ओरडायचे, त्यातले बहुतेक पोकळ, समोरच्याला चकवायला. त्या आठवड्याचा खरा रंग कोणता हे फक्त आपल्या माणसांना ठाऊक. तो रंग आला की डाव बदलला. या कामात एमेटचा हात धरणारा त्या काळी कुणी नव्हता. पाय मंदावले होते, खांदा रात्रीचा झोपू देत नव्हता, तरी बचाव वाचायला त्याच्या डोळ्यांना पूर्वी लागायचा तेवढाच वेळ लागत होता.

गसमुळे त्या आठवड्यात सगळं बदललं. खरा रंग बदलला, आकडे बदलले, हातांच्या खुणा बदलल्या. दीडशे किलोचे बाप्ये परीक्षेला बसल्यासारखे जेवताना पुटपुटत होते. हेड कोच बॅनिंग वैतागला होता. तुझ्या दोस्ताच्या जेवणाचं बिल आपण भरतोय, असं तो एमेटला दोनदा म्हणाला. पण खरं बोलणं त्यानं आधीच उरकलं होतं आणि त्यात आडपडदा ठेवला नव्हता. रविवारी जिंकलो तर पुढच्या फेरीत जाऊ, आणि मग पुढच्या वर्षीही तूच. हरलो तर हंगाम संपला, आणि तूही. क्लबनं वसंतात एक नवा क्वार्टरबॅक घेऊन ठेवलाच होता. एमेट अडतिसाव्या वर्षात होता. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की बोलून दाखवायची लाज वाटत होती.

रविवारी दुपारी सरोवरावरून असा वारा सुटला होता की तोंडातून निघालेली वाफ तिथेच मोडत होती. सामन्याआधी मैदानात गस भेटला. लुईव्हिलच्या लाल जर्सीत तो दुसऱ्याचे कपडे उसने घातल्यासारखा दिसत होता. पोट सुटलंय तुझं, एमेट म्हणाला. तुझे केस गेलेत ते बघ आधी, म्हाताऱ्या, गस म्हणाला. दोघांनी मिठी मारली. गसनं जरा लवकर सोडलं, पण कॅमेरे होते, एमेटनं ते मनावर घेतलं नाही.

टोलेडोच्या लोकांची एक रीत आहे. पाहुण्यांकडे चेंडू असला की घसा फाटेपर्यंत बोंबलायचं, आणि आपला क्वार्टरबॅक उभा राहिला की चिडीचूप. साठ हजार माणसं, हातात बिअर, तोंडात सॉसेज, आणि चावणंसुद्धा थांबवतात, का तर त्याचा आवाज त्याच्या माणसांपर्यंत पोचावा. त्या शांततेवर एमेटचा फार जीव होता. तेवढ्याचसाठी मी हे गाव सोडलं नाही, असं तो बायकोला सांगायचा.

पहिल्याच खेपेला त्यानं बरोबर वाचलं. डावीकडचे दोघे मुसंडी मारणार होते, उजवी बाजू उघडी पडत होती. त्यानं रंग ओरडला, आकडा ओरडला, डाव उजवीकडे फिरवला. आणि चेंडू हातात यायच्या आधीच लुईव्हिलचा मधला बचावपटू कॅलोवे उजवीकडे निघालेला होता. टोलेडोचा गडी पाच पावलं मागेच आडवा झाला. असेल, एखादा माणूस अंदाज बांधतो. पण दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. एमेट पोकळ ओरडला की लाल जर्सीतला एकही जण ढिम्म हलत नव्हता. खरं ओरडला की सगळेच्या सगळे हलत होते.

मध्यंतरात बॅनिंगनं पाण्याची बाटली भिंतीवर आपटली. रंग फुटलाय, कुणीतरी फोडलाय, म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांकडे चोराकडे बघावं तसं पाहिलं. मग उभ्या उभ्या नवा रंग ठरवला. दार बंद होतं, खोलीत फक्त आपली माणसं. तो रंग जगात कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. आणि बाहेर जाऊन एमेटनं तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा कॅलोवे पुन्हा त्याच्या आधी पोचला होता.

 आयुष्यभर एमेट दुसऱ्यांना वाचत आला होता, आणि आज कुणीतरी त्याला वाचत होतं, तेही धडाधड. पुढच्या खेपेला त्यानं राखणदार पाहिले नाहीत, बोटं पाहिली नाहीत, फक्त कॅलोवेकडे पाहिलं. तर कॅलोवे त्याच्याकडे बघतच नव्हता. मान किंचित तिरकी, नजर गवतावर. माणूस शब्द ऐकत असला तर तोंडाकडे बघतो. हा शब्द ऐकत नव्हता, दुसरंच काहीतरी ऐकत होता.

सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात, लुईव्हिल चार गुणांनी पुढे असताना, एमेट बाकावर टेरेलशेजारी जाऊन बसला. टेरेल हा गसच्या जागी आलेला नवा सेंटर. मिसिसिपीकडचा, आईनं चांगल्या वळणात वाढवलेला, कुणाचंही बोलणं पुरं होईपर्यंत तोंड न उघडणारा मुलगा. एमेटनं त्याला सरळ विचारलं की मी ओरडताना काही वेगळं करतो का.

टेरेल गोंधळला. "खोटं ओरडताना नाही, सर."

"आणि खरं?"

"खरं असलं की तुम्ही मधे थांबता ना. रंग सांगता, एक श्वास घेता, मग आकडा." एमेटचा चेहरा पाहून तो आणखीच गडबडला. "मला वाटलं माझ्यासाठीच थांबता तुम्ही. मी नवीन आहे म्हणून."

 एमेटनं मनातल्या मनात ओरडून पाहिलं आणि त्याला ते ऐकू आलं. पोकळ ओरडणं एका दमात निघत होतं, कारण त्यात विचार नव्हता. खरं ओरडताना रंग तोंडातून गेल्यावर मन एकदा शेवटचं तपासून बघायचं, बरोबर ना, आणि तेवढ्यात छाती श्वास घेऊन मोकळी व्हायची. चौदा वर्षांत हे त्याला कधी कळलं नव्हतं. आपला श्वास आपण कुठे ऐकतो?

पण मग आधी कुणालाच कसं ऐकू आलं नाही, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि उत्तरही लगेच आलं. गस ओरडायचा म्हणून. एमेटनं रंग सांगितला रे सांगितला की गस खाली वाकल्या वाकल्या रेड्यासारखा हंबरायचा, डावीकडचा तुझा, मधला माझा, कोण कुणाला अडवणार ते. एमेटनं त्याला शंभर वेळा झापलं असेल की मेल्या, माझं पुरं होऊ दे, मग बोंबल. गस म्हणायचा, माझं तोंड, माझी मर्जी. अकरा वर्षं तो त्या एका श्वासावर आपला आवाज पांघरूण घालावा तसा घालत होता. आणि तो गेल्यावर ते पांघरूणही गेलं. हंगामभर तो श्वास उघडा पडला होता, फक्त कान कुठे लावायचा ते कुणाला माहीत नव्हतं.

 एवढी माया, आणि बोलून दाखवली नाही कधी. हे वाटून होतं न होतं तोच दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ते कौतुक तिथेच आटलं. तो श्वास जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस आता मैदानापलीकडे लाल जर्सी घालून उभा होता. शब्द सांग असं एमेटनंच त्याला म्हटलं होतं. शब्द क्लबचे होते, दर आठवड्याला नवे व्हायचे. श्वास एमेटचा होता. चोरानं घर फोडलं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. ज्याच्या हातात पोटची पोर दिली होती, त्यानं केसानं गळा कापला होता.

रडायला वेळ नव्हता. शेवटच्या वेळी चेंडू टोलेडोकडे आला तेव्हा दिवे लागले होते. एमेटनं ओरडणं बंद केलं. कोच सांगेल ते डाव खेळला, बदलायचं झालं तर रांगेतून चालत जाऊन एकेकाच्या कानात सांगितलं. त्यात वेळ जात होता, पण कॅलोवे आंधळा झाला होता आणि टोलेडो पुढे सरकत होतं. गोलरेषेपासून बारा यार्डांवर गाडी अडली. शेवटची संधी, घड्याळात एका डावापुरता वेळ. चेंडू लाथेनं खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांनी भागणार नव्हतं, चेंडू रेषेपलीकडेच न्यायला हवा होता.

हा क्षण त्यानं मघापासून राखून ठेवला होता. डाव मधोमधचा होता. कॅलोवे आपल्या जागेवरून हलला, तर त्याच्या पाठीमागे टोलेडोचा उंच गडी मोकळा सापडणार होता. कॅलोवेला हलवायला एक श्वास पुरे होता.

साठ हजार माणसं गप्प झाली. एमेटनं कामाचा नसलेला रंग ओरडला. मग थांबला. श्वास घेतला. मग आकडा. कॅलोवेचा भार डाव्या पायावर गेला, एमेटनं तो जाताना स्पष्ट पाहिला. टेरेलनं चेंडू दिला, उंच गडी सुटला, एमेटचा हात मागे गेला.

त्याच वेळी लुईव्हिलच्या बाकाकडून आवाज आला. त्या एवढ्या शांततेत एकच आवाज, रेड्यासारखा.

"मधेच राहा! खोटं आहे! मधेच राहा!"

कॅलोवे पाय रोवून मागे उसळला. चेंडू तोवर हातातून सुटला होता. तो बरोबर जिथे जायचा तिथे गेला, आणि तिथे कॅलोवेची छाती होती.

सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध दोन्हीकडचे लोक मिसळतात, हात मिळवतात, एकमेकांच्या घरच्यांची चौकशी करतात. एमेट सगळ्यांना बाजूला सारत सरळ गसकडे गेला. गस पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

"खांदे," गस म्हणाला, एमेटनं काही विचारायच्या आधीच. "खरा श्वास घेतोस तेव्हा तुझे खांदे हलत नाहीत. पत्त्यांत टेसला गंडवताना उचलतोस ना, तसे उचललेस."

एमेटला खांद्यांचं काही ऐकायचं नव्हतं. "त्यांनी विचारलं होतं तुला? श्वासाचं?"

"त्यांना कुठे माहीत होतं. त्यांनी शब्द विचारले, मी दिले. म्हणाले, हे तर ते बदलणार, आणखी काही आहे का."

"आणि तू सांगितलंस."

"लगेच नाही सांगितलं." गसनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "जेवण झाल्यावर सांगितलं. मला पुढच्या वर्षीही काम हवंय, एमेट. बोटी घासून मरायचं नाहीये मला."

 हे एक वेळ एमेटला समजत होतं. कामासाठी माणूस काय काय करतो ते त्यानं पाहिलं होतं, स्वतःलाही एका वर्षासाठी तळमळताना पाहिलं होतं. गसला वाटलं असावं की राग ओसरतोय, म्हणून तो थोडा मोकळा झाला, आणि जरा अभिमानानंच म्हणाला की अकरा वर्षं मी झाकलं ते. एका तरी माणसाला कळू दिलं का?

"मलाही नाही कळू दिलंस," एमेट म्हणाला. "एकदा सांगायचं होतंस. पहिल्या वर्षी."

 गसला खोटं बोलता आलं असतं. पण अकरा वर्षं या माणसाच्या पुढ्यात वाकून उभं राहिल्यावर तेवढी सवय राहिली नसावी.

"सांगितलं असतं तर तू आठवड्यात सुधारला असतास," तो म्हणाला. "मग माझे गुडघे दुखायला लागल्यावर मला इतकी वर्षं कुणी ठेवून घेतलं असतं?"

दर वसंतात बॅनिंग एमेटला विचारायचा की गसचं वय झालं, सेंटर बदलू या का. आणि दर वसंतात एमेट सांगायचा की नको, त्याच्याशिवाय माझं काही नीट होत नाही, का ते सांगता येत नाही, पण होत नाही. त्याला वाटायचं ही मैत्री आहे. तो इतरांनाही तसंच सांगायचा. आणि गस त्याची खोड दुभत्या गायीसारखी जपत होता, ती बरी होऊ नये म्हणून. आज लाल जर्सी घालून त्यानं जे केलं, ते एका दिवसाचं होतं. दुसरं अकरा वर्षं चाललं होतं, आणि त्या वर्षांत मांडीला मांडी लावून जेवणं होती, टेसचे वाढदिवस होते, एमेटच्या बापाच्या शवपेटीला दिलेला खांदा होता. त्यातलं कुठलं खरं मानायचं हे त्याला कळेना. उभ्या जन्मात पहिल्यांदाच समोरचा माणूस त्याला वाचता येत नव्हता.

गसनं हात पुढे केला. एमेटनं तो घेतला नाही आणि झिडकारलाही नाही. तो वळला आणि मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्याकडे चालू लागला. बॅनिंग तिथे उभा होता. त्यानं एमेटच्या पाठीवर दोनदा थोपटलं, ज्याला पुन्हा बोलवायचं नसतं त्याला थोपटतात तसं, आणि वाट मोकळी करून दिली.

चालता चालता एमेटनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. रंग आणि आकडा, खरा, आतून तपासून, मधे न थांबता. आठवडा नाही लागला. पहिल्याच खेपेला जमलं.